ईदच्या फोटोवरच्या काळ्या पट्ट्या

माझ्या मुलीने माझ्याबद्दल परक्या लोकांची माफी मागितली, ती गोष्ट मला अजून पचलेली नाही. माफी मागतेय असं तिने तोंडाने म्हटलं नाही. तिला तसं वाटलंही नसेल. पण गाडीत मी तिच्या शेजारीच बसलो होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं.

आम्ही मूळ रत्नागिरीकडचे. मी विशीत दुबईला आलो तो एसीच्या डक्टच्या कामावर हेल्पर म्हणून. आता एका मेंटेनन्स कंपनीत सुपरवायझर आहे, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये भाड्याचा फ्लॅट आहे. मुलगी दुबईतच जन्मली, तिथल्याच इंडियन शाळेत शिकली आणि डिझाइनच्या शिक्षणासाठी डेन्मार्कला गेली. ती गेली तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना डेन्मार्क नकाशावर कुठे येतं ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

या उन्हाळ्यात मी आणि बायको तिला भेटायला गेलो. तिच्या वर्गातली एक मैत्रीण आणि त्या मैत्रिणीची आई, दोघींनी एक रविवार खास आमच्यासाठी राखून ठेवला होता. आई शाळेत शिक्षिका, साधारण माझ्याच वयाची, जन्माने रीबे गावची. रीबे म्हणजे त्यांच्या देशातलं सगळ्यात जुनं गाव. ते पाहिल्याशिवाय तुम्ही परत जायचं नाही, असा निरोपच तिने मुलीकडे दिला होता.

माझ्या बायकोला गाडी लागते, म्हणून तिला पुढे बाईंच्या शेजारी बसवलं. मागे मैत्रीण एका खिडकीला, मी दुसऱ्या, आणि मधे मुलगी. बाहेर हिरवी सपाट शेतं, चरणाऱ्या गाई, मधूनच पवनचक्क्या. बोलणं सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी साइटवर शिकलेलं, कामापुरतं आहे, पण समोरचा काय म्हणतोय ते मला पुरतं कळतं.

बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहत विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं तिथे कसे राहिलात? मी वाचलंय तिकडच्या मजुरांबद्दल. मला नसतं जमलं."

मी उत्तर जुळवत होतो. वाक्य इंग्रजीत मांडायला मला जरा वेळ लागतो. तेवढ्यात मुलगीच बोलली.

"अब्बांना पण ते पटत नाही. ही इज नॉट प्राउड ऑफ इट. त्यांच्याकडे दुसरा चॉइस नव्हता, दॅट्स ऑल."

आणि तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. आजारी माणसाला थोपटतात तसं. बाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि विषय गाईंवर गेला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला काय पटतं, कशाचा अभिमान आहे, हे हिला कोणी सांगितलं? मी तर कधी सांगितलं नव्हतं.

गाव सुंदर आहे, ते नाकारणार नाही. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, काळ्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या विटांची बुटकी घरं, काही घरं तर इतकी कललेली की आमच्या कंपनीने केव्हाच पाडायचा रिपोर्ट दिला असता. मधोमध मोठं चर्च, त्याच्या मनोऱ्यावर चढलं की दूर समुद्रापर्यंतची दलदल दिसते. घरांच्या भिंतींना टेकून माणसापेक्षा उंच वाढलेली गुलाबी फुलझाडं होती. बायको प्रत्येक झाडापाशी थांबून बी मिळेल का बघत होती. बाई तिच्याबरोबर थांबायच्या, एका दारात उभ्या असलेल्या आजीकडे त्यांनी बियांची चौकशीही केली. मनाने चांगल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा राग त्यांच्यावरही निघाला.

एका गल्लीत एक जुनं घर लोकांना बघायला उघडं ठेवलेलं होतं. पूर्वी सुताराचं घर होतं म्हणे. आत लांब एप्रन आणि डोक्याला कापडी टोपी घातलेली एक बाई माहिती देत होती. तिने भिंतीतलं लाकडी कपाट उघडलं, तर आत बिछाना. नवरा, बायको आणि लहान मुलं, सगळे त्या एका कपाटात झोपायचे. पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून उशांना टेकून अर्धवट बसल्यासारखे. थंडीत दार आतून ओढून घ्यायचे.

डॅनिश लोकांचा एक लाडका शब्द आहे, उबदार आणि घरगुती अशा कशालाही तो लावतात. मैत्रिणीने तोच शब्द वापरला. माझी मुलगी म्हणाली, "सो कोझी." दोघींनी त्या कपाटाचे फोटो काढले.

मग त्या एप्रनवाल्या बाईने वरचा माळा दाखवला. शिडीवरून डोकं वर काढून बघायचं. छताला चिकटून एक अंधारी जागा, चूल नाही, खिडकी नाही. सुताराकडे काम शिकायला राहिलेले कामगार तिथे झोपायचे.

मी विचारलं, "किती जण?"

"पाच-सहा. कधी जास्तही."

"आणि हिवाळ्यात?"

"एकमेकांना चिकटून," ती हसून म्हणाली. "मालक रात्री शिडी काढून घ्यायचा. नाहीतर पोरं गुत्त्यावर पळायची."

सगळे हसले. माझी मुलगीही हसली. मी हसलो नाही. शिडी काढून घ्यायचा, आणि ती गंमत. आमचा अरबाब, म्हणजे कंपनीचा मालक, आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात ठेवायचा, आम्ही पळून जाऊ नये म्हणून. त्यावर वर्तमानपत्रात लेख येतात, आणि बरोबरच आहे, यायलाच हवेत. पण मग या माळ्यावरच्या पोरांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं, की त्यांच्या हालांवर तिकीट लावून लोक हसतात?

त्या वेळी मी गप्प बसलो. पाहुणा होतो.

जेवायला आम्ही नदीकाठच्या बाकांवर बसलो. हलालचा प्रश्न नको म्हणून बायकोने सकाळीच मुलीच्या खोलीवर चपात्या आणि बटाट्याची भाजी केली होती, शिवाय घरून आणलेलं कैरीचं लोणचं. त्या डॅनिश मायलेकींनी आवडीने खाल्लं, लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागितलं. वातावरण चांगलं झालं होतं. तेवढ्यात मैत्रीण मला म्हणाली, "तुमच्या मुलीचं प्रेझेंटेशन ऐकून आम्ही वर्गात रडलो होतो. तुम्ही पाहिलंच असेल."

मी म्हटलं, "कसलं प्रेझेंटेशन?"

मुलीने मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीला काही कळलं नाही. ती उत्साहाने फोनवर कॉलेजच्या वेबसाइटवरून ते शोधायला लागली. "लहान जागेत माणसं कशी राहतात यावर होतं. तिने गल्फमधल्या कामगारांच्या खोल्यांवर केलं. त्यातला तो एक फोटो मी विसरूच शकत नाही." आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

दुबईतल्या अल कूझमधल्या लेबर कॅम्पातली खोली. दोन्ही बाजूंना लोखंडी दोनमजली बंक, मधे चिंचोळी वाट, दोरीवर टॉवेल. बंकांवर आणि खाली बसलेली आम्ही दहा-अकरा माणसं. प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाड काळी पट्टी ओढलेली. वर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एकच शब्द, अदृश्य.

तो फोटो माझा होता. माझ्या कपाटातल्या अल्बममधला. डाव्या बाजूला, वरच्या बंकवर पाय खाली सोडून बसलेला मी होतो.

आता त्या फोटोबद्दल सांगायला हवं. ती ईद होती. त्या उन्हाळ्यात खोलीचा एसी बंद पडला होता. आम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या टॉवरमध्ये डक्ट चढवायचो आणि रात्री ओले टॉवेल अंगावर घेऊन झोपायचो. फोरमनला कितीदा सांगितलं, तो म्हणायचा, कॅम्पचं काम माझ्याकडे नाही. पगार दोन-दोन महिने लटकायचा. शेवटी ईदच्या आधी आमच्यातल्याच दोघांनी साइटवर टाकून दिलेले पार्ट जमवून तो एसी चालू केला. ईदच्या सकाळी आम्ही गार खोलीत उठलो. नमाजहून आल्यावर गुहागरकडचा आमचा एक रूममेट, आम्ही त्याला भाईजान म्हणायचो, त्याने मोठं पातेलंभर बिर्याणी केली. फोटोत पातेलं त्याच्याच मांडीवर आहे. शेजारच्या खोलीतल्या एका मलबारी माणसाकडे कॅमेरा होता. आम्ही नवे शर्ट घातले, भांग पाडले. नेपाळचा एक जण होता, त्यालाही आम्ही अत्तर लावलं. सगळे हसत होते. त्या खोलीतला आमचा तो सगळ्यात चांगला दिवस होता, आणि या पोरीने त्यातल्या प्रत्येकाचे डोळे काळे करून टाकले होते.

मी मैत्रिणीला विचारलं, "ही माणसं कोण, ते तुला माहीत आहे?"

"नाही. ती म्हणाली, तिला माहीत असलेले काही कामगार."

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा मी आहे."

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. मैत्रिणीने एकदा फोनकडे, एकदा माझ्याकडे आणि मग माझ्या मुलीकडे पाहिलं. बायकोला इंग्रजी सगळं कळत नाही, तिने मला मराठीत विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तुझ्या लेकीने मला अदृश्य केलंय."

"अब्बा, प्लीज. नॉट हिअर," मुलगी म्हणाली.

"मग कुठे? तू यांच्या वर्गात दाखवलंस ना?"

"आय वॉज प्रोटेक्टिंग युअर प्रायव्हसी. चेहरे दाखवता येत नाहीत, रूल आहे."

"आणि 'हा माझा बाप आहे' हे सांगायलाही रूल आड येतो?"

तिचा चेहरा लाल झाला होता. बाई मधे पडल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिचा हेतू चांगला होता. असल्या गोष्टी जगापुढे यायला हव्यात. तिला तुमच्यासाठी राग आला होता."

मग मात्र मला राहवलं नाही. माझं मोडकं इंग्रजी जसं आलं तसं मी बोललो. म्हटलं, राग आम्हालाही येत होता. तुम्ही वाचलंय त्याच्यापेक्षा जास्त येत होता. त्या अरबाबचं तोंड अजून आठवलं तरी माझं जेवण कडू होतं. पण तुम्ही आमच्या खोलीवर रडता आणि तासाभरापूर्वी तुमच्या सुताराच्या माळ्यावर हसलात. तिथेही माणसंच कोंबली होती, त्यांचीही शिडी काढून घेत होते. ते कोझी आणि हे भयंकर, असं कसं?

बाई म्हणाल्या, "पण ते तीनशे वर्षांपूर्वीचं आहे."

"म्हणजे आमच्या खोलीला अजून तेवढी वर्षं थांबायला हवं?"

नदीतून एक होडी गेली, तिच्यातल्या लोकांनी आम्हाला हात केला, बायकोने तेवढा परत केला. बाईंनी डबे आवरायला मदत केली. मग त्या मला म्हणाल्या, "माळ्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी लहानपणापासून त्या घरात जातेय, मुलांना घेऊन जाते, आणि दरवेळी हसते." त्या मनापासून म्हणाल्या. पण माझा राग त्या क्षणी असा होता की त्यांचं मनापासून बोलणंही मला नको होतं.

परतीच्या वाटेवर मुलगी माझ्या शेजारी बसली नाही. मैत्रिणीला मधे बसवून ती पलीकडच्या खिडकीला गेली.

तिच्या खोलीवर पोचल्यावर तिने दार लावलं आणि माझ्यावर धडाधडा इंग्रजीत बोलली. तुम्ही मला सगळ्यांसमोर ह्युमिलिएट केलंत. मी तो फोटो सापडला तेव्हा विचारलं होतं तुम्हाला, तुम्ही म्हणालात, 'रूमवाले होते.' बस, एवढंच. एसीचं, पासपोर्टचं, कधी काही सांगितलं नाहीत. मग मी इंटरनेटवर वाचलं. व्हॉट एल्स वॉज आय सपोज्ड टु डू?

बायको म्हणाली, "बापाला अजून एकदा विचारायचं."

"आय वॉज ट्वेल्व्ह, मम्मा."

मी म्हटलं, "आता बारा वर्षांची नाहीस. त्या पट्ट्या काढून टाक."

"काढता येणार नाहीत. प्रत्येकाची परमिशन लागते. लेखी."

"पट्ट्या लावताना कोणाची परमिशन घेतलीस?"

उरलेले दिवस आम्ही एकमेकांशी जेवणाखाणापुरतं बोललो आणि दुबईला परतलो.

आल्यावर मी ठरवलं, हिला परमिशनच हवी ना, आणून देतो. जुने नंबर शोधून एकेकाला फोन लावायला लागलो. दोघे गावी आहेत, त्यांना आनंद झाला, एक तर म्हणाला, "फोटो मला पण पाठव, माझ्याकडे तेव्हाचा एकही नाही." नेपाळवाल्याचा पत्ता लागला नाही. एसी दुरुस्त करणाऱ्यांपैकी एक वारल्याचं त्या फोनवरच कळलं. त्याच्या मुलाशी बोललो, तो हो म्हणाला.

भाईजान अबुधाबीत आहे. मुसफ्फामध्ये त्याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, गावी मोठा बंगला बांधलाय. मला वाटलं, हा सगळ्यात आधी हो म्हणेल. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझी पट्टी राहू दे."

"का?"

"मुलाचं लग्न ठरतंय. मुलीकडचे दोहाचे आहेत, बडे लोग. मी दहा-बारा माणसांच्या खोलीत पातेलं मांडीवर घेऊन बसलेलो त्यांना कशाला दाखवू? खलास, ते दिवस गेले."

मला त्याचाही संताप आला. म्हटलं, त्या बिर्याणीची आठवण मी परदेशात नदीकाठी बसून काढतो आणि तुला तिची लाज वाटते? तो म्हणाला, "आठवण मला पण आहे. पण फोटो तुझ्या मुलीला दाखवायचाय, मला नाही." मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी एका टॉवरमध्ये चिलरचं काम होतं, तिथल्या टेक्निशियनवर मी विनाकारण ओरडलो.

हे सगळं मी मुलीला कळवलं. काही दिवसांनी तिने फोटो पाठवला. माझ्या डोळ्यांवरची पट्टी काढलेली, बाकीच्यांच्या तशाच. ज्यांनी फोनवर हो म्हटलं होतं त्यांची लेखी परमिशन आलेली नव्हती. त्या काळ्या पट्ट्यांच्या गर्दीत वरच्या बंकवर मी एकटा दात काढून हसत होतो. मला ते बघवेना. मी लिहिलं, हा फोटोच काढून टाक.

तिने फोन केला. "अब्बा, आता तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

मी म्हटलं, सुट्टीला ये, मग बोलू.

डिसेंबरात ती आली. पहिल्याच शुक्रवारी मला म्हणाली, भाईजान अंकलना भेटायला जाऊ. मी नको म्हटलं, ती ऐकेना. अबुधाबीला जाताना गाडीत तिने कानात हेडफोन घातले नाहीत, पण बोललीही फार नाही.

दुकान बंद होतं, म्हणून त्याने घरी बोलावलं. चहा आला, खारी आली, तो तिच्याशी तिच्या कॉलेजबद्दल प्रेमाने बोलला. फोटोचा विषय मी काढला नाही. तिनेच काढला, मराठीत, अडखळत. "अंकल, फोटो नाही लावणार. मी पूर्ण काढून टाकला. मला फक्त विचारायचं होतं, तेव्हा तुम्ही कसे राहत होता."

भाईजानने माझ्याकडे पाहिलं. मग चहाचा कप खाली ठेवला. नंतर बोलायला लागला ते फोरमनपासून. फोरमन, अरबाब, थकलेला पगार, त्या ईदच्या थोडं आधी आईच्या मयतीला जायला पासपोर्ट मिळाला नव्हता ते. हे शेवटचं मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बोलता बोलता त्याचा आवाज चढला, आतल्या खोलीतून त्याची बायको बाहेर येऊन उभी राहिली. त्याने त्या अरबाबला अशा शिव्या घातल्या की मी मुलीकडे बघायचं टाळलं. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. तिने फोन पर्समधून काढलाच नाही.

निघताना तो तिला म्हणाला, "हे कुठे लिहू नकोस, बेटा." ती म्हणाली, "नाही लिहिणार."

हायवेला लागल्यावर मला पुन्हा राग यायला लागला. या वेळी कोणावर ते मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. त्या अरबाबवर असेल, तो आता हयात आहे की नाही तेही ठाऊक नाही. आईला मातीही न देता आलेल्या माणसाने त्याच ईदला आमच्यासाठी पातेलं चढवलं होतं, आणि आम्ही त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं, याचा असेल.

मुलीने विचारलं, "तुम्ही अजून माझ्यावर चिडलेले आहात?"

"हो," मी म्हटलं.

ती म्हणाली, "ओके." आणि पुढे पेट्रोल पंप येतोय, थांबायचं का, असं तिने विचारलं.